यवतमाळहून गुलमर्गला: हिमस्खलन प्रशिक्षणाचे अर्ज, प्रवास आणि बर्फातले खड्डे

डिसेंबर ते मार्च या काळात हिमालयात बर्फावरून चालण्याच्या सहलींच्या जाहिराती आता यवतमाळ-अमरावतीच्या व्हॉट्सॲप गटांतही फिरू लागल्या आहेत. त्यांत तंबू, जेवण, प्रमाणपत्र, छायाचित्रे या सगळ्यांचा उल्लेख असतो. वाटेवरचा उतार किती अंशांचा आहे, त्यावरचा बर्फ कधी पडलेला आहे आणि हिमस्खलनाचा इशारा आला तर काय करणार, याबद्दल मात्र एक ओळ नसते. मेळघाटात आणि सह्याद्रीत एकत्र भटकणाऱ्या आमच्या गटाने डिसेंबर २०२५ साठी अशी एक हिवाळी वाट ठरवली, तेव्हा निदान एकाने तरी आधी बर्फ समजून घ्यावा असे निघाले, आणि माझ्याकडे रजा शिल्लक असल्यामुळे ते काम माझ्या वाट्याला आले.

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका सजेचा कृषी सहायक आहे. बर्फ पडताना मी कधी पाहिला नव्हता, स्कीइंग मला येत नाही, आणि आमच्याकडे जानेवारीतल्या एखाद्या पहाटे पारा दहा अंशांखाली गेला की गावभर शेकोट्या पेटतात. मी माहिती शोधत होतो तेव्हा मराठीत ट्रेकची वर्णने पुष्कळ सापडली; अर्ज कसा करावा, कोणता कागद कधी काढावा आणि अशा वर्गात नेमके काय शिकवतात, हे सापडले नाही. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिला प्रश्न कोठे जायचे हा होता. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था किंवा मनालीची अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्था यांचे प्राथमिक अभ्यासक्रम जवळजवळ महिनाभराचे असतात आणि रब्बीच्या हंगामात एवढी सलग रजा मागणे माझ्या नोकरीत शक्य नव्हते. शिवाय मला गिर्यारोहक व्हायचे नव्हते. चालताना कोठे पाऊल टाकू नये एवढे कळायला हवे होते. त्यामुळे गुलमर्ग येथे एका खासगी प्रशिक्षकगटाने चालवलेला हिमस्खलन सुरक्षेचा छोटा वर्ग निवडला, ज्यात स्की न येणाऱ्यांना स्नोशू, म्हणजे बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटांखाली बांधायचे रुंद तळवे, घालून सहभागी होता येत होते. १४ ऑक्टोबर २०२४ ला ईमेल पाठवला आणि २३ तारखेला उत्तर आले. दरम्यान घरच्यांनी ४ ऑक्टोबर २०२२ ची आठवण काढलीच होती. त्या दिवशी उत्तराखंडात द्रौपदी का डांडा या शिखरावर प्रशिक्षणासाठी गेलेल्या तुकडीवर हिमस्खलन कोसळून २९ जणांचा अंत झाला. प्रशिक्षणाला जातानाच माणसे गेली, मग तू कशाला जातोस, या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा नीट उत्तर नव्हते.

उत्तरासोबत कागदांची यादी आली. भरलेला अर्ज, ओळखपत्राची प्रत, रक्तगटाच्या नोंदीसह वैद्यकीय प्रमाणपत्र, साहसी खेळांचा समावेश असलेला विमा, मुद्रांकावर नोटरी केलेले हमीपत्र आणि निम्मे शुल्क आगाऊ. यांपैकी वैद्यकीय प्रमाणपत्र साठ दिवसांपेक्षा जुने चालणार नव्हते, आणि वर्ग फेब्रुवारी २०२५ मध्ये होता, म्हणून ते उत्साहाच्या भरात ऑक्टोबरमध्ये काढण्यात अर्थ नव्हता. मी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात गेलो. रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि ईसीजी झाला, पण प्रमाणपत्राचा नमुना त्यांच्या नेहमीच्या नमुन्यापेक्षा वेगळा असल्याने डॉक्टरांनी पुन्हा दोन दिवसांनी बोलावले. ज्यांना असा कागद काढायचा आहे त्यांनी संस्थेचा नमुना छापूनच न्यावा आणि सहीखाली डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक व गोल शिक्का आहे का, हे तिथेच पाहून घ्यावे. नुसत्या शिक्क्यासाठी पुन्हा खेप घालणे म्हणजे दिवस गेला.

हमीपत्राला पाचशे रुपयांचा मुद्रांक लागला. ऑक्टोबर २०२४ च्या मध्यापासून आपल्या राज्यात शंभर-दोनशेच्या मुद्रांकाची जागा पाचशेच्या मुद्रांकाने घेतली, त्यामुळे जुन्या अनुभवकथनांतला शंभराचा आकडा धरून बसू नये. नोटरीचे दीडशे वेगळे. हमीपत्रातील भाषा वाचून मन खचते, कारण मृत्यू, कायमचे अपंगत्व, शोधमोहिमेचा खर्च असे शब्द एकामागून एक येतात. पण ते वाचूनच सही करावी, कारण बचावाचा खर्च कोणी करायचा हे त्यातच लिहिलेले असते. विम्याचेही तसेच. नेहमीच्या अपघात विम्यात साहसी प्रकार बहुधा वगळलेले असतात, काही ठिकाणी उंचीची मर्यादा असते, आणि हेलिकॉप्टरने आणण्याचा खर्च धरला आहे की नाही हे वेगळे विचारावे लागते. माझा विमा ११५० रुपयांना पडला.

रजेचे प्रकरण अधिक लांबले. अर्जित रजेचा अर्ज मी डिसेंबरच्या शेवटी दिला, परंतु त्याच सुमारास शेतकरी ओळख क्रमांकाच्या नोंदणीची मोहीम सुरू झाली होती आणि गावोगावी शिबिरे लागत होती, त्यामुळे साहेबांनी फाईल बाजूला ठेवली हे मला मान्यच करावे लागले. शेजारच्या सजेच्या सहकाऱ्याने कार्यभार घेण्याचे लेखी दिले, माझ्या गावांतील नोंदणीची शिबिरे आधी उरकली, तेव्हा ७ फेब्रुवारीला १७ ते २८ फेब्रुवारी अशी रजा मंजूर झाली. आधीचा रविवार आणि नंतरचे १ व २ मार्च हे शनिवार-रविवार जोडून घेण्याची आणि मुख्यालय सोडण्याची परवानगी मी त्याच अर्जात मागितली होती. या दोन ओळी अर्जात आधीच असाव्यात. त्यांचा पुढे उपयोग झाला.

काश्मीरसाठी आणखी एक गोष्ट आधी करावी लागते. बाहेरच्या राज्यातील प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड चालते. मी क्रमांक पोस्टपेड करून घेतला, त्याला तीन-चार दिवस लागले. शारीरिक तयारीसाठी आमच्याकडे उंच डोंगर नाही, म्हणून गावामागच्या टेकडीवर पाठीवर बारा किलो तूर घेऊन रोज पहाटे चढउतार केला. दमाचा सराव असा होतो; थंडीचा होत नाही. ओल न धरणारे बूट, दोन जोड हातमोजे आणि अंगालगतचे लोकरी कपडे नागपूरला घेतले. निघायच्या आदल्या रात्री आई म्हणाली, “कायले चालला बापा तिकडं? कुंभाले चाल म्हटलं तं सुट्टी नाही म्हणत होता.” गावातली निम्मी घरे त्या दिवसांत प्रयागराजला जाऊन आली होती किंवा निघाली होती, त्यामुळे तिचे बोलणे अगदीच चुकीचे नव्हते.

१६ फेब्रुवारीला एसटीने नागपूर आणि तिथून रात्रीच्या गाडीने दिल्ली. आदल्याच रात्री नवी दिल्ली स्थानकावर कुंभाच्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली होती, त्यामुळे १७ तारखेला तिथे पोलिसांचे कडे होते आणि फलाट बदलायलाही वेळ लागत होता. रात्रीच्या गाडीने १८ ला सकाळी जम्मू, तिथून वाटून घेतलेल्या टॅक्सीने बनिहाल आणि पुढे रेल्वेने श्रीनगर. बनिहाल ते श्रीनगर रेल्वेचे तिकीट तेव्हा पन्नास रुपयांच्या आत होते. १९ ला गुलमर्गच्या पायथ्याच्या तंगमर्गला पोहोचलो; मुक्काम तिथेच होता, कारण गुलमर्गपेक्षा राहणे स्वस्त पडते. बर्फ असेल तेव्हा तंगमर्गच्या पुढे चाकांना साखळ्या लावलेली गाडीच वर जाते, हा खर्च अंदाजपत्रकात धरावा.

वर्ग २० तारखेला सुरू झाला तेव्हा सगळ्यांच्या तोंडी बर्फ कमी असल्याची चर्चा होती. त्या वर्षी काश्मीरचा जानेवारी कोरडा गेला होता आणि २२ फेब्रुवारीपासून गुलमर्गला व्हायचे खेलो इंडिया हिवाळी खेळ पुरेशा बर्फाअभावी पुढे ढकलले गेले होते. माझी समजूत अशी होती की बर्फ थोडा म्हणजे धोका थोडा. प्रशिक्षकांनी, जे स्वतः तंगमर्गजवळचे होते आणि ज्यांना सगळे उस्ताद म्हणत, पहिल्याच सकाळी ही समजूत खोडून काढली. पातळ बर्फाचा थर आणि लांबलेल्या निरभ्र, थंड रात्री एकत्र आल्या की बर्फ आतून बिघडतो. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास राहते आणि पृष्ठभाग रात्री खूप गार होतो. थर जितका पातळ, तितका हा फरक थोड्या अंतरात सामावतो. दर दहा सेंटिमीटरला एक अंशाहून अधिक फरक असेल तर खालची वाफ वर सरकत बर्फाच्या कणांना कोरून टोकदार, सुटे स्फटिक बनवते. साठ सेंटिमीटर बर्फ आणि वर उणे बारा अंश, म्हणजे दहा सेंटिमीटरला दोन अंश. असा बर्फ मुठीत दाबला तर त्याचा गोळा होत नाही, बोटांमधून गळून जातो. हा कमजोर थर स्वतःहून काही करत नाही. त्याच्यावर नंतर पडणाऱ्या बर्फाचे वजन पेलण्याची वेळ आली म्हणजे तो मोडतो, आणि वरचा सगळा थर पाटीसारखा अख्खा घसरतो.

हे दाखवण्यासाठी दुपारी खड्डे खणले, आणि तिथे मला पहिल्यांदा आपण अगदीच परके नाही असे वाटले. मृदा परिच्छेदासाठी शेतात खड्डा घेऊन काळी माती कोठे संपते, मुरूम कोठे लागतो आणि ओल कोणत्या थरात अडते हे पाहणे आमचे नेहमीचे काम आहे. बर्फाचा खड्डाही त्याच पद्धतीने वाचतात. सावलीच्या बाजूची भिंत सरळ कापायची, ब्रशने हलके झाडून थर उघडे करायचे, प्रत्येक थराचे तापमान घ्यायचे आणि कठीणपणा बोटांनी मोजायचा. ज्या थरात मूठ सहज जाते तो सर्वांत मऊ, मग चार बोटे, एक बोट, पेन्सिल आणि शेवटी फक्त चाकू जाईल असा थर. वर एका बोटाचा कठीण थर आणि त्याखाली मुठीचा मऊ थर अशी उलटी रचना दिसली की सावध व्हायचे. आमच्या खड्ड्यात वरून साधारण पन्नास सेंटिमीटरवर नेमके हेच होते. उन्हाच्या बाजूला घेतलेल्या दुसऱ्या खड्ड्यात मात्र वितळून पुन्हा गोठलेल्या कडक पापुद्र्यांची रांग होती आणि तो सुटा थर जवळपास नव्हता. दोन खड्ड्यांमध्ये चालत पंधरा मिनिटांचे अंतर होते.

त्यानंतर दाबाची चाचणी. तीस बाय तीस सेंटिमीटरचा बर्फाचा खांब करवतीने सुटा करतात, त्यावर फावड्याचे पाते आडवे ठेवतात, आणि मनगटातून दहा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा अशा थापा मारत तो कितव्या थापेला मोडतो हे मोजतात. आमचा खांब कोपरातल्या तिसऱ्या थापेला त्याच मऊ थरावर एकदम बसला आणि वरचा ठोकळा माझ्या मांडीवर सरकून आला. आकड्याइतकेच मोडण्याच्या तऱ्हेला महत्त्व असते. असा झटक्याने आणि सपाट मोडलेला थर लांबवर फुटत जाऊ शकतो. मात्र चाचणी चांगली आली म्हणून उतार सुरक्षित ठरत नाही, हे उस्तादांनी पुन्हापुन्हा सांगितले. वाईट निकालावर विश्वास ठेवून परत फिरावे, चांगल्या निकालावर विश्वास ठेवून पुढे जाऊ नये. माती परीक्षणाचा एक नमुना अख्ख्या शिवाराला लावणाऱ्यांशी रोज वाद घालणाऱ्या मला हे पटायला वेळ लागला नाही.

उतार मोजणे हा भाग मला सोपा जाईल असे वाटले होते, पण आमच्या खात्यात उतार टक्क्यांत मोजतात आणि तिथे अंशांत. शेतात तीन टक्के उतार असला की आम्ही बांधबंदिस्तीचे बोलतो. हिमस्खलने बहुतांशी तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर सुटतात, आणि तीस अंश म्हणजे अठ्ठावन्न टक्के, पंचेचाळीस अंश म्हणजे शंभर टक्के. सर्वाधिक धोक्याचे जे अडतीस अंश, ते अठ्ठ्याहत्तर टक्के. डोळ्यांनी अंदाज घेताना आमच्यापैकी जवळपास सर्वांचे आकडे चुकत होते, म्हणून क्लिनोमीटर किंवा फोनमधले उतार मोजण्याचे साधन वापरण्याची सवय लावून घेतली. नकाशावर उतारांचे रंग दाखवणारी ॲप उपयोगी पडतात, परंतु त्यांची आधारमाहिती ठोकळ असल्याने लहान पण उभी घळ त्यांत सपाट होऊन जाते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आपण उभे आहोत ती जागा सपाट असली तरी वर तीव्र उतार असेल तर खाली येणाऱ्या लोटाच्या वाटेत आपण असू शकतो. तंबूची जागा निवडताना जाहिरातीतली छायाचित्रे नेमकी हेच लपवतात. मागचा सुंदर पांढरा डोंगर हाच प्रश्न असतो.

बर्फाच्या वजनाबद्दलही माझ्या कामातला आकडा कामी आला. नवा हलका बर्फ ढोबळमानाने दहा सेंटिमीटर पडला तर एक सेंटिमीटर पाणी धरतात. म्हणजे एका रात्रीत पासष्ट सेंटिमीटर बर्फ पडला तर उतारावर पासष्ट मिलिमीटर पावसाएवढे, आपल्याकडे ज्याला अतिवृष्टी म्हणून पंचनामे होतात तेवढे पाणी साचते, आणि ते वाहून न जाता दर चौरस मीटरवर पासष्ट किलो होऊन बसून राहते. चोवीस तासांत तीस सेंटिमीटरपेक्षा जास्त बर्फ पडला किंवा वाऱ्याने बर्फ उचलून आडोशाच्या बाजूला टाकला, तर त्यानंतरचा निदान एक दिवस तीव्र उतारांपासून लांब राहायचे. वारा हा हिमवृष्टीपेक्षा कितीतरी वेगाने बर्फ साठवतो, म्हणून निरभ्र आकाश असूनही धोका वाढू शकतो.

इशारे कोठून मिळतात, हेही सांगितले पाहिजे. संरक्षण संशोधन संस्थेच्या अखत्यारीतील डीजीआरई ही संस्था, जिचा मोठा भाग पूर्वी मनालीची सासे म्हणून ओळखला जाई, हिमस्खलनाचा अंदाज काढते आणि जम्मू-काश्मीरमध्ये आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण तो जिल्हावार प्रसिद्ध करते. अमुक जिल्ह्यात इतक्या मीटरच्या वर पुढील चोवीस तासांत मध्यम किंवा उच्च धोका, असे त्याचे स्वरूप असते. युरोपात धोक्याच्या पाच पायऱ्या आहेत आणि त्यांतली तिसरी पायरी सर्वांत फसवी मानली जाते, कारण ती मधली असल्याने लोकांना चालण्यासारखी वाटते. इशारा संपूर्ण जिल्ह्याचा असतो. तुमच्या वाटेवरच्या एका घळीबद्दल तो काही सांगत नाही, ते काम उतार आणि खड्डा पाहून आपणच करायचे असते. आम्ही रोज सकाळी इशारा वाचून मगच त्या दिवशीची वाट ठरवत होतो.

२३ तारखेचा दिवस बीकनसाठी होता आणि तोच मला सर्वांत जड गेला. बीकन म्हणजे अंगावर बांधायचे छोटे यंत्र, जे ४५७ किलोहर्ट्झवर सतत संकेत पाठवते. कोणी गाडले गेले तर इतरांनी आपली यंत्रे शोधण्याच्या स्थितीत नेऊन त्याचा माग काढायचा. यंत्राची किंमत तीस हजारांच्या पुढे असल्याने मी भाड्याने घेतले आणि पाच हजार अनामत ठेवली. त्यात अल्कलाइन सेलच घालायचे, रिचार्ज होणारे नाहीत, कारण त्यांची उरलेली शक्ती यंत्र नीट दाखवू शकत नाही. मोबाइल त्याच्यापासून एरवी वीस आणि शोधताना पन्नास सेंटिमीटर लांब ठेवायचा. पुरलेली पिशवी शोधताना पहिल्या फेरीत आम्ही धावपळ केली, एकमेकांना ओरडलो आणि एक यंत्र पाठवण्याच्या स्थितीतच राहिल्याने सगळ्यांचे आकडे बिघडले. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी दहातील जवळपास नऊ जण वाचतात आणि अर्ध्या तासानंतर जेमतेम एक तृतीयांश, हे आकडे आदल्या संध्याकाळी वहीत लिहिलेले होते. घड्याळ हातात धरून शोधताना त्यांचा अर्थ समजतो. गाडला गेलेला माणूस बहुतेक वेळा गुदमरून मरतो, आणि मदत बाहेरून येईपर्यंत हा वेळ संपलेला असतो. म्हणून सोबतच्या माणसाकडेच बीकन, प्रोब (बर्फात खुपसून चाचपण्याची लांब बारीक काठी) आणि फावडे ही तिन्ही साधने असली पाहिजेत. एक नसले तर बाकीच्या दोहोंचा फारसा उपयोग नाही.

जागा सापडल्यावर प्रोब पृष्ठभागाला काटकोनात, पंचवीस सेंटिमीटरच्या अंतराने गोलाकार खुपसत जायचे आणि लागल्यावर तो तिथेच ठेवायचा. खणायचे मात्र थेट प्रोबजवळून नव्हे, तर उताराच्या खालच्या बाजूने, खोलीच्या दीडपट अंतर सोडून आडवे आत जायचे. सर्वाधिक वेळ खणण्यातच जातो. थांबलेल्या हिमस्खलनाचा बर्फ इतका घट्ट बसतो की फावड्याने त्याचे ठोकळे तोडून मागे ढकलावे लागतात, आणि एकापाठोपाठ एक उभे राहून पुढचा माणूस दर मिनिटाला बदलावा लागतो. फावडे चालवण्यात मी कोणापेक्षा कमी पडलो नाही, पण सुमारे २७०० मीटर उंचीवर धाप लवकर लागते.

२४ तारखेला गोंडोलाने, म्हणजे गुलमर्गच्या रोपवेने, कोंगडोरी या त्याच्या मधल्या स्थानकाला जाऊन वरच्या अंगाला चालायचे ठरले होते. त्याच परिसरात, अफरवट डोंगराच्या उतारांवर १ फेब्रुवारी २०२३ ला दोन पोलिश आणि कोंगडोरीजवळ २२ फेब्रुवारी २०२४ ला एक रशियन स्कीपटू हिमस्खलनात मरण पावले होते. उस्तादांनी दोन्ही जागा दुरून दाखवल्या. दोन्ही वेळी माणसे स्कीइंगसाठी राखलेल्या हद्दीबाहेर होती. चालताना एकाने उतार ओलांडेपर्यंत बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबायचे, पाठपिशवीचा कमरपट्टा सोडायचा, काठ्यांचे पट्टे मनगटातून काढायचे. दुपारी बाराच्या सुमारास एका सावलीच्या सपाटीवर पाय टाकताच पायाखालून दबका आवाज आला आणि सगळा बर्फ किंचित खाली बसल्याचे जाणवले. आतला कमजोर थर मोडल्याचा तो आवाज होता. सपाटी होती म्हणून काही घसरले नाही. पुढचा उतार चौतीस अंश भरला. उस्तादांनी कोणाला मत विचारले नाही, आम्ही आलो त्याच पावलांवरून खाली उतरलो. बळी पडणाऱ्यांच्या दहापैकी नऊ घटनांत हिमस्खलन त्यांच्याच गटातल्या कोणाच्या तरी वजनाने सुटलेले असते, हे वाक्य त्या क्षणापर्यंत मला पुस्तकी वाटत होते. भीती वाटली, आणि परत फिरल्याचे वाईटही वाटले, कारण दिवस उजळ होता आणि माथा जवळ दिसत होता.

वर्ग २६ ला, महाशिवरात्रीच्या दिवशी संपायचा होता, परंतु त्याआधीच पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून बर्फ-पाऊस आणणारी हवा, येत असल्याचा अंदाज आला आणि जोराचा बर्फ सुरू झाला. महिनाभर कोरड्या थंडीत कमजोर झालेल्या पातळ थरावर आता एकदम मोठे वजन येत होते, म्हणजे खड्ड्यात पाहिलेल्या उलट्या रचनेची परीक्षा सुरू झाली होती. शेवटचा चालण्याचा दिवस रद्द करून वर्गातच नकाशावर वाटा आखण्याचा सराव झाला. २७ ला श्रीनगरला उतरलो, पण पुढे जम्मूचा महामार्ग बंद झाला आणि तिथेच अडकलो. रजावाढीचा अर्ज मी कार्यालयाच्या ईमेलवर पाठवला, सोबत रस्ता बंद असल्याच्या प्रशासकीय सूचनेचे छायाचित्र जोडले आणि साहेबांना फोन केला. हिवाळ्यात काश्मीरला जाणाऱ्यांनी परतीच्या बाजूला तीन-चार दिवस मोकळे ठेवावेत आणि तेवढ्या मुक्कामाचे पैसे वेगळे ठेवावेत.

२८ तारखेला पहाटे उत्तराखंडात बद्रीनाथजवळच्या माणा येथे रस्त्याच्या कामावरील मजुरांच्या वस्तीवर हिमस्खलन झाले. ५४ मजूर अडकले, ४६ जिवंत बाहेर आले आणि ८ जण गेले. काही जण लोखंडी कंटेनरमध्ये झोपलेले असल्यामुळे वाचले. श्रीनगरच्या खोलीत ही बातमी पाहताना माझ्या मनात पहिला प्रश्न वस्तीच्या वरच्या उताराचा आला. घरून सकाळपासून फोन येत होते. माणा आणि गुलमर्ग यांच्यातले अंतर आईला समजावण्यात बराच वेळ गेला.

महामार्ग सुरू झाल्यावर २ मार्चला निघालो, ५ ला घरी पोहोचलो आणि ६ ला रुजू अहवाल दिला. वाढीव दिवसांची रजा नंतर मंजूर झाली. ईमेलची प्रत आणि फोनची तारीख टिपणीत लिहिलेली असल्याने लिपिकांनी फार प्रश्न विचारले नाहीत.

एकूण खर्च ४१,४०० रुपये आला: शुल्क राहणे-जेवणासह २२,०००, साधनांचे भाडे ४,२००, बूट व कपडे ५,६००, दोन्ही बाजूंचा प्रवास ५,४००, विमा १,१५०, मुद्रांक व नोटरी ६५०, आणि श्रीनगरचा अनपेक्षित मुक्काम २,४००. २०२४-२५ च्या ७,५२१ रुपयांच्या हमीभावाने हा साडेपाच क्विंटल कापूस होतो, आणि घरी तो हिशेब याच भाषेत झाला.

मार्चमध्येच आमच्या गटाने डिसेंबरच्या सहलीसाठी तीन आयोजकांना तेच प्रश्न लेखी पाठवले: वाटेवर तीस अंशांहून तीव्र उतार किंवा तशा उताराच्या पायथ्याचे टप्पे कोठे आहेत, मुक्कामाच्या जागेच्या वर काय आहे, वाटाड्यांकडे आणि सहभागींकडे बीकन, प्रोब, फावडे असतात का, रोजचा इशारा कोण वाचतो, आणि परत फिरावे लागले तर पैशांचे काय. एकाने उतारांच्या नोंदी असलेला नकाशा पाठवला आणि परतफेडीचा नियमही कळवला. एकाने आमच्या वाटेवर असे काही होत नाही असे उत्तर दिले. तिसऱ्याचे उत्तर आले नाही. पहिल्याच्या नकाशावरून आम्ही जंगलातून जाणारी, पंचवीस अंशांच्या आत राहणारी वाट निवडली. माथ्याचा टप्पा त्या दिवशीची स्थिती पाहून ठरेल असे त्यांच्याकडून लिहून घेतले.

बीकनची अनामत ११ मार्चला खात्यात परत आली. यंत्र ताब्यात घेताना त्याच्या ओरखड्यांसह छायाचित्रे काढून ती भाड्याच्या पावतीसोबत पाठवून ठेवावीत, म्हणजे परत करताना वाद होत नाही.